आधणानंतरची जाग

वैशाखात लातूरकडच्या ज्या घरांत शीतकपाट अद्याप पोहोचले नव्हते, त्या घरांत दुधाचे पातेले दिवसातून तीन वेळा चुलीवर चढत असे: सकाळी धार आल्याबरोबर एकदा, दुपारची जेवणे आटोपल्यावर एकदा, आणि रात्री निजानीज होण्यापूर्वी एकदा. पहिल्या उकळीचे प्रयोजन कोणास सांगावे लागत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या उकळीविषयी विचारले असता माझी आजी एवढेच म्हणे, "एका उकळीवर दूध राहत नाही बाबा, फिरून कढ आणावा लागतो." तिच्या या उत्तरात जो प्रश्न दडलेला आहे, त्याच्यामागे जीवाणुशास्त्र गेली दीडशे वर्षे लागलेले आहे. एकदा खळखळून उकळलेल्या आणि झाकून ठेवलेल्या दुधात सायंकाळपर्यंत पुनरपि बिघाड घडविणारे असे काय शिल्लक राहते, आणि जे शिल्लक राहते ते त्या उष्णतेतून नुसते वाचते, की त्या उष्णतेनेच जागे होते?

कच्चे दूध तसेच ठेवले तर आंबते, कारण त्यातील आम्लकारी जीवाणू त्याचा ताबा घेतात. उकळलेले दूध मात्र पुष्कळदा आंबटपणा न येताच फाटते, किंवा त्यास एक कडवट चव येते, आणि हा फरक जिभेला कळणारा पुरावा आहे. झाकण काढताना, पळी बुडविताना बाहेरचे जंतू त्यात पडतात हे खरे. परंतु त्यांची वजावट केली तरी एक वर्ग उरतोच, आणि तो म्हणजे जे जीवाणू संकटकाळी आपल्या देहाच्या आत एक कठीण कवचाचे बीज तयार करून त्यात आपला वंश सुरक्षित ठेवतात, त्यांचे बीजाणू. बॅसिलस आणि क्लॉस्ट्रिडियम ही त्यांतील दोन प्रमुख कुळे. कुरणातील धुळीतून, कडब्यातून, शेणातून ते आचळास लागतात आणि तेथून धारेबरोबर चरवीत उतरतात.

१८७६ साली ब्रेस्लाउ येथे फर्डिनांड कोन याने सुक्या गवताच्या काढ्यात वाढणाऱ्या, आज ज्यास बॅसिलस सब्टिलिस म्हणतात त्या जीवाणूच्या देहात चकाकणारा अंडाकृती कण पाहिला आणि तो कण उकळीस दाद देत नाही हे नमूद केले. त्याच वर्षी वॉलश्टाइन या लहानशा गावी सरकारी वैद्याचे काम पाहणाऱ्या रॉबर्ट कॉख याने गुरांच्या काळपुळीच्या जीवाणूचे सबंध जीवनचक्र, दंडाकृती देहापासून बीजाणूपर्यंत आणि बीजाणूपासून पुनश्च दंडाकृती देहापर्यंत, सिद्ध करून दाखविले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल याच सुमारास हैराण झाला होता. गवताचा धुरळा प्रयोगशाळेत शिरल्यापासून त्याचे काढे तासन् तास उकळूनही निर्जंतुक होईनात, आणि अखेरीस त्याला स्वच्छ हवेसाठी क्यू येथील उद्यानातील प्रयोगशाळेत मुक्काम हलवावा लागला. १८७७ मध्ये त्याने जो तोडगा काढला तो असा, की एकदाच दीर्घकाळ उकळण्याऐवजी थोडा वेळ उकळावे, थांबावे, पुन्हा थोडा वेळ उकळावे. मधल्या विश्रांतीत जे बीज मऊ होऊन जीवनाकडे वळते, ते पुढच्या उकळीस बळी पडते. आजीच्या तीन उकळ्यांची आणि टिंडलच्या या रीतीची जात एकच आहे, आणि हे साम्य मला केवळ गमतीचे वाटत नाही. पिढ्यान् पिढ्या नासलेल्या दुधाचा हिशेब ठेवून एक समाज ज्या आचारास पोहोचला, त्याचा तो सन्मान आहे असे मी मानतो.

टिंडलच्या रीतीत एक अट मात्र आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली त्या अटीत आहे. ही रीत दुधात, रश्शात, काढ्यात चालते. निव्वळ पाण्यात चालत नाही. शुद्ध पाण्यात ठेवलेले बीजाणू तीन दिवस तीन वेळा उकळले तरी मधल्या काळात ते उघडतच नाहीत, आणि म्हणून पुढच्या उकळीसही त्यांचे काही बिघडत नाही. याचा अर्थ असा, की उष्णता एकटी बीजाणूस उघडू शकत नाही. ती त्याला उघडण्याच्या लायक करते. उघडण्याचा हुकूम अन्नाकडून यावा लागतो. म्हणून या लेखात मी दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवणार आहे: उष्णतेने येते ती "सिद्धता", आणि अन्नाच्या स्पर्शाने होते ते "अंकुरण".

हे समजून घेण्यासाठी बीजाणूची रचना थोडी पाहिली पाहिजे. मध्यभागी गाभा, ज्यात वंशसूत्र आणि पेशीची सारी यंत्रणा ठेवलेली असते. परंतु त्या गाभ्यात पाणी इतके थोडे, की रासायनिक व्यवहार जवळजवळ थांबलेले असतात. पाण्याची जागा बऱ्याच अंशी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांच्या संयुगाने घेतलेली असते, आणि ते बीजाणूच्या कोरड्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा भरते. गाभ्याभोवती अंतःपटल, त्यावर जाड साल, तीवर प्रथिनांची कवचे. अंतःपटलात जी ग्राही प्रथिने बसविलेली असतात ती या गढीच्या देवडीवरील पहारेकरी होत: अलानिन, वॅलिन यांसारखी अमिनो आम्ले, किंवा अस्पॅराजिन, ग्लुकोज, फ्रुक्टोज व पोटॅशियम यांचे मिश्रण, असा योग्य परवाना दिसला की ते वर्दी देतात. मग काही सेकंदांत निर्णय होतो आणि तो फिरविता येत नाही. पोटॅशियम व हायड्रोजनचे आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग डायपिकोलिनिक आम्लाचा साठा बाहेर येतो, पाणी आत शिरते, विकरे सालीचे विघटन करतात आणि गाभा फुगतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य ज्याने पाहिले आहे तो ते विसरत नाही: काळसर भूमीवर मोत्यासारखे चकाकणारे शेकडो ठिपके असतात, अन्नाचा थेंब सोडल्यावर काही मिनिटांत त्यांतील एकेक मावळू लागतो, आणि जेथे चकाकी होती तेथे एक मंद काळा देह उरतो. चकाकी मावळणे हा मृत्यू नव्हे, जाग आहे. मात्र त्याच क्षणी त्या जीवाने उष्णतेपासूनचे आपले सारे संरक्षण गमावलेले असते.

आता उष्णतेकडे वळू. अमेरिकेच्या शेतकी खात्यात दुधातील जीवाणूंवर काम करणाऱ्या इव्हान्स व करन या दोघांनी १९४३ साली असे दाखवून दिले, की बीजाणूंना न मारणारी, परंतु त्यांच्या मरणाच्या बरीच जवळ जाणारी उष्णता काही काळ दिली, तर पुढे अन्न मिळाल्यावर त्यांचे अंकुरण पुष्कळ जलद व पुष्कळ सर्वव्यापी होते. प्रयोगशाळेतील नवशिक्यास हा अनुभव चक्रावून टाकतो: तापविलेल्या नमुन्यातून न तापविलेल्यापेक्षा अधिक वसाहती उगवतात. म्हणूनच माती, दूध, दूधभुकटी, मसाले यांतील बीजाणूंची मोजदाद करताना नमुना ८० अंश सेल्सियसला दहा-बारा मिनिटे धरण्याची वहिवाट पडली. त्या तापाने सामान्य जीवाणू मरतात आणि निद्रिस्त बीजाणू उगवण्यास तयार होतात. उदगीरच्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयासारख्या ठिकाणी दुग्धजीवशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून ही क्रिया अनेकदा होते. परंतु ती करीत असता आपण नमुना नुसता गाळून घेत नसून त्यात फेरफारही करीत आहोत, ही जाणीव त्याला दिली जाते काय, अशी शंका मला राहून राहून येते.

किती ताप लागतो, हे जातीवर अवलंबून असते. गवताच्या जीवाणूस सत्तर-पंचाहत्तर अंश पुरतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जातीस पंचाहत्तर ते ऐंशी. आणि साखरेतून डबाबंद खाद्यात शिरणाऱ्या, उष्णताप्रिय जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसला शंभर किंवा त्याहूनही अधिक. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास वसलेले असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते, आणि त्यामुळे आपल्या चुलीवरील आधण हे पहिल्या दोन जातींच्या सिद्धतेस पुरेसे, परंतु त्यांच्या समूळ नाशास अपुरे, अशा नेमक्या मधल्या पट्ट्यात पडते. नाशासाठी पंधरा पौंड दाबाखालील १२१ अंशांची वाफच लागते.

सिद्धतेचे सर्वांत विलक्षण लक्षण हे, की ती परत फिरते. तापवून सिद्ध केलेले बीजाणू अन्नाविना थंड ठेवले, तर काही काळाने ते पूर्ववत गाढ निद्रेत जातात आणि पुन्हा तापविल्यास पुन्हा सिद्ध होतात. बुरशीच्या बाबतीत, न्यूरोस्पोराच्या बीजाणूंवर, गॉडर्ड याने १९३५ मध्येच असा उलटसुलट प्रवास दाखविला होता. जीवाणूंच्या बाबतीत १९६० नंतरच्या दशकात केनान आणि हॅल्व्हर्सन यांनी तो तपशिलाने तपासला. त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली: बीजाणू मुळीच न तापविता नुसते दीर्घकाळ ठेवून दिले तरी ते हळूहळू सिद्ध होत जातात. जे काम महिन्यांचा काळ करतो, तेच काम ताप मिनिटांत करतो. या एका निरीक्षणाने माझ्या मनातील प्रश्नाचे रूपच पालटले, आणि उष्णता ही बीजाणूस दिलेली खास खूण आहे असे समजण्यापेक्षा ती काळाची गती वाढविणारी आहे असे समजणे मला अधिक सयुक्तिक वाटू लागले.

पण ती नेमके काय बदलते? केनान-हॅल्व्हर्सन यांचे मत असे होते, की बीजाणूस निद्रेत जखडून ठेवणारे एखादे प्रथिन असावे आणि उष्णतेने त्याची घडी सैल होत असावी. गंधकाचे बंध तोडणारी रसायने आणि सौम्य आम्लही बीजाणूंना सिद्ध करतात, हा त्यांचा आधार होता. पुढे ग्राही प्रथिनांची जनुके हाती आल्यावर संशय त्या पहारेकऱ्यांवर गेला. पीटर सेटलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अतिनिद्रिस्त बीजाणूंचा अभ्यास केला; एकाच पिढीतील बहुसंख्य भावंडे जागी होऊनही जे मागे राहतात, त्यांना सिद्ध होण्यास इतरांपेक्षा चढा ताप लागतो असे त्यांना आढळले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांच्याच परंपरेतील काम याहून बोलके आहे. ७५ अंशांच्या एकाच तापात वॅलिनला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहीची पूर्ण सिद्धता १५ मिनिटांत झाली, तर अस्पॅराजिन-ग्लुकोज-फ्रुक्टोज-पोटॅशियम या मिश्रणाला प्रतिसाद देणाऱ्या ग्राहींना ४ तास लागले. एकाच गढीच्या दोन देवड्यांवरील पहारेकरी वेगवेगळ्या वेळी जागे होतात, असा हा प्रकार. आणि त्यावरून उष्णतेचा परिणाम ग्राहींवर होतो असे म्हणावे, तर त्याच निबंधात नमूद आहे की तापविल्याने त्या ग्राहींच्या घडणीत बाहेरून चाचपून कळेल असा फरक पडला नाही, आणि बीजाणू ज्या उष्णतामानात तयार झाला त्याप्रमाणे, म्हणजे अंतःपटलाच्या गुणधर्मांप्रमाणे, सिद्धतेची गरज मोठ्या प्रमाणात बदलली. बीजाणूचे अंतःपटल हे साध्या पेशीच्या पटलासारखे प्रवाही नसते. त्यातील स्निग्ध रेणू जवळजवळ गोठल्यासारखे स्थिर असतात. त्या गोठलेल्या पटलास ताप थोडे मोकळे करीत असावा आणि त्यात रुतून बसलेले ग्राही त्यामुळे हालचालीस मोकळे होत असावेत, या मताकडे माझा कौल आहे.

अगदी अलीकडे या पहारेकऱ्यांचे स्वरूपही उलगडले. २०२३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी असे दाखविले, की ग्राही हे अन्नकणाने उघडणारे आयनांचे द्वार आहे. त्याच्या आदल्या वर्षी कॅलिफोर्नियातील एका गटाने पोटॅशियमच्या आयनांच्या रूपाने बीजाणू एक विद्युत्साठा बाळगतो, आणि अन्नाच्या प्रत्येक क्षणिक स्पर्शागणिक त्या साठ्यातून थोडे खर्च करून जागे होण्याच्या उंबरठ्याकडे सरकत राहतो, असे सिद्ध केले. ज्याला आपण निर्जीव ठिपका समजत होतो, तो मोजदाद ठेवीत असतो.

आता आपल्या मुलुखातील हळदीकडे येऊ. नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर आणि लगतच्या हिंगोलीतील वसमत भागात फेब्रुवारीपासून हळद निघू लागली की शेताच्या बांधावर वाफेचे कुकर धडधडू लागतात; पूर्वी तेथे कढया असत. गड्डे व हळकुंडे वेगळी करून पाऊण ते एक तास शिजवितात. फेस वर येतो, हळदीचा उग्र वास शिवारभर पसरतो, आणि बारीक काडी हळकुंडात विनासायास घुसली की शिजल्याची खातरजमा होते. मग ते ओले, वाफाळलेले, पिवळेजर्द ढीग खळ्यावर पसरतात आणि दहा-पंधरा दिवस दोन्ही हातांनी खालीवर करीत वाळवितात. या सबंध क्रमाकडे बीजाणूच्या दृष्टीने पाहा: शिजविण्याने मातीतील त्याचे सारे प्रतिस्पर्धी मेले, तो स्वतः सिद्ध झाला, हळकुंडातील पिष्ट शिजून मऊ झाले, आणि ऊब, ओल व अन्न ही तिन्ही त्याच्या पुढ्यात आली. पहिल्या दोन-तीन दिवसांत ऊन कडक असले तर ओल झपाट्याने उतरते आणि त्याची संधी हुकते. आभाळ आले, अवकाळी पाऊस पडला, ढीग जाड राहिला, तर तो वाढतो, आणि ओल संपताच पुन्हा बीजाणू होऊन बसतो. हळदीसारख्या मसाल्यांत बॅसिलस कुळातील बीजाणू जगभर सापडतात. माझ्या मते हळदीच्या स्वच्छतेचा निकाल कुकरमध्ये लागत नाही. तो खळ्यावरील पहिल्या तीन दिवसांत, थर किती पातळ पसरला आणि किती वेळा उलटला, यावर लागतो.

हीच हळद पुढे वरणात, आमटीत पडते. घरच्या लहान पातेल्यात काही बिघडत नाही, कारण अन्न चुलीवरून सरळ पानात येते आणि जीवाणूस अवधीच मिळत नाही. परंतु लग्नाच्या, सप्ताहाच्या, यात्रेच्या मोठ्या पंगतीसाठी रात्री शिजवून सकाळपर्यंत झाकून ठेवलेल्या हंड्याची गोष्ट निराळी: उकळीने त्यातील प्राणवायू हाकलून दिलेला असतो, मध्यभागाचे उष्णतामान कित्येक तास पन्नास ते चाळीस अंशांच्या दरम्यान रेंगाळते, आणि प्राणवायूचे वावडे असलेला परफ्रिंजेन्स त्रेचाळीस-पंचेचाळीस अंशांत दर दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होऊ शकतो. एकाचे दोन, दोनाचे चार अशी ही वाढ पहाटेपर्यंत चालली तर काय होईल याचे गणित कोणीही मांडावे. भाताच्या बाबतीत बॅसिलस सीरिअस हीच कामगिरी करतो, आणि त्याचे वांती आणणारे विष तर असे चिवट, की सकाळी भात पुन्हा गरम केल्याने ते नष्ट होत नाही. येथे आजीची फिरून कढ आणण्याची रीतही अपुरी पडते. वाढत्या पेशी तिने मरतील, त्यांनी आधी करून ठेवलेले विष मरणार नाही. मोठे अन्न उथळ परातींत वाटून लवकर निववावे, नाहीतर साठ अंशांच्या वर गरमच ठेवावे. मधले कोमट राज्य धोक्याचे.

बीजाणूंचे सर्वांत मोठे दफ्तर म्हणजे आपली काळी जमीन. ही जमीन चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी आहे, आणि १९७१ साली व्हॅन नेस याने काळपुळीच्या बीजाणूंना अनुकूल म्हणून ज्या जमिनीचे वर्णन केले ते तिला बरेच लागू पडते. देवणी आणि लाल कंधारी या आपल्या दोन गोवंशांच्या मालकांना पहिल्या पावसाची भीती पिढीजात माहीत आहे: धडधाकट कालवड लंगडू लागते, मांडीवर सूज येते, सूज दाबली तर हाताखाली कुरकुर वाजते, आणि एकदोन दिवसांत जनावर जाते. तो फऱ्या, त्याचा जीवाणूही बीजाणुधारी. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग हवेपेक्षा पुष्कळ अधिक तापतो, तेव्हा त्या तापाने हे बीजाणू सिद्ध होऊन मृगाच्या पावसाची वाट पाहत असतील, असे अनुमान करण्याचा मोह अनावर आहे. मी तो आवरतो. सिद्धतेस ओलसर उष्णता लागते, आणि कोरड्या बीजाणूवर तेवढ्याच तापाचा परिणाम फार थोडा होतो. पावसाने चिखलातून वर आलेले आणि गवताच्या मुळांशी साचलेले बीजाणू गुरांच्या तोंडी लागतात, हे कारण अधिक साधे आणि अधिक भक्कम आहे. मृगापूर्वी लस टोचून घ्यावी हा पशुवैद्यकांचा आग्रह दोन्ही अनुमानांत सारखाच योग्य ठरतो, आणि नांदेडकडील माळेगावच्या यात्रेत ज्या दावणीसमोर माणसे तासन् तास उभी राहतात ती दावण टिकवायची तर त्यात हयगय करून चालणार नाही.

आणि शेवटी उनकेश्वर. किनवट तालुक्यात पैनगंगेच्या काठी उष्ण पाण्याची कुंडे आहेत; शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून प्रभू रामचंद्रांनी बाण मारून ते पाणी काढले अशी श्रद्धा आहे, आणि आजही माणसे त्वचेच्या विकारांसाठी तेथे स्नानास येतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील अभ्यासकांनी या पाण्यातून जीवाणू वाढवून पाहिले तेव्हा त्यांत बॅसिलस कुळातील जाती मिळाल्या, आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१८ मध्ये तेथील जीवाणुवैविध्याचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला. माझा प्रश्न मात्र वेगळा आहे. उष्णताप्रिय जातींच्या बीजाणूंना प्रयोगशाळेत सिद्ध होण्यास शंभर अंश लागतात. कुंडात शंभर अंश कोठून येणार? पाणी गरम खरे, पण आधणाइतके नव्हे. मग ते बीजाणू तेथे पिढ्यान् पिढ्या जागे कसे होत आले? ताप हा काळाची गती वाढविणारा आहे हे माझे म्हणणे खरे असेल, तर उनकेश्वरच्या गाळात सिद्धतेचे काम काळच करीत असला पाहिजे, आणि हे तपासण्यास फार मोठी साधनसामग्री लागत नाही. काठच्या गाळातून बीजाणू वेगळे करावेत आणि दोन कुप्यांत भरावेत. एक कुपी कुंडाच्या पाण्याइतक्या उष्णतामानात अन्नाविना वर्षभर ठेवावी, दुसरी बर्फाच्या थंडीत ठेवून अखेरच्या दिवशी अर्धा तास उकळत्या पाण्यात धरावी, आणि मग दोन्हींतील एकेक थेंब योग्य त्या अन्नद्रव्यात सोडून काचपट्टीवर कोणाची चकाकी किती मिनिटांत मावळते ते घड्याळ लावून पाहावे.